लिनक्स मिंट, सात महिने वापरून : सगळं जमलं, पण एका 'ऱ्हा'नं बचत गटात भांडण लावलं

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटरवर टाकायची फुकट सिस्टिम. आधीच सांगतो, मी काही कॉम्प्युटरवाला माणूस नाही. आर्वीकडं शेती आहे, कापूस-तूर-सोयाबीन, आणि घरी एक जुना डेस्कटॉप आहे, चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम. त्याच्यावर पोराचा अभ्यास, बायकोच्या बचत गटाचा हिशोब आणि गावातल्या लोकांचे अर्ज टाइप करणं एवढंच चालते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट बंद झाले हे सगळ्यांना माहीत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागते, म्हणजे आमचा डबा बादच. तालुक्याच्या दुकानात विचारलं तर तो म्हणे, "भाऊ, हे आता भंगारात द्या, ३२ हजारात नवीन बसवून देतो." दिवाळी चार दिवसांवर, कापूस वेचणीला मजूर भेटून नाही राहिले, आणि याला ३२ हजार! घरी येताना डोक्यात एकच, की चालू वस्तू भंगारात काऊन द्यायची?

मग पोरगा म्हणाला लिनक्स मिंट टाकून पाहू, फुकट आहे. आवृत्ती २२.२, एक्सएफसीई वालं, म्हणजे त्यातलं हलकं, कारण रॅम कमी. फाइल जवळपास तीन जीबीची आणि आमचा मोबाइलचा पॅक रोज दोन जीबीचा, त्यामुळं डाउनलोड टॉरेंटनं दोन दिवसांत केलं, पहिल्या दिवशी डेटा संपला की थांबवलं, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. हे मला लय आवडलं, खरं सांगतो, अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्यापासून नाही. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं मिंटचा पेनड्राइव्ह बनवला, आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं, वायफाय-आवाज सगळं चाललं, मग टाकलं. विंडोज बाजूला तसंच ठेवलं होतं, भीती म्हणून. (दोन्ही ठेवाल तर विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागं दाखवेल, घाबरू नका, लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच इथली वेळ धरते, एका कमांडनं मिटते.)

स्पीड वगैरेबद्दल जास्त लिहीत नाही. सुरू झाल्यावर एक जीबीच्या आत रॅम खाते, आधी चहा होईपर्यंत वाट पाहावी लागे ती गेली. अपडेट कधी करायचं ते आपण ठरवायचं. आमच्याकडं लाईन कधी जाईल नेम नाही, यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली, तरी सात महिन्यांत धाडकन बंद पडून एकदाही फाइल खराब झाली नाही. इथंपर्यंत दहापैकी दहा.

आता मुद्द्यावर येतो. 'ऱ्या'.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडायचं, वेगळं काही उतरवायचं काम नाही. मी आधी फोनेटिक घेतला, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारानं मराठी टाइप करायचा, सवय तीच. पहिलाच अर्ज होता नुकसानभरपाईचा, त्यात 'शेतकऱ्यांना' लिहायला गेलो तर आलं 'शेतकर्यांना'. र आणि य जोडले की रफार डोक्यावर जाऊन बसते. अरे बाप्पा, ज्या भागातला अर्धा अर्ज 'शेतकऱ्यांच्या'नंच भरलेला असते तिथं हेच अक्षर येत नसेल तर करायचं काय? आणि हे काही सौंदर्याचं नाही, अर्थ बदलते. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे एकापेक्षा जास्त दरी. आचार्यांना बोलावलं तर पंडित येतील, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाक होईल. वऱ्हाड शब्दच लिहिता येत नसेल तर वऱ्हाडी बोलून उपयोग काय!

तेव्हा मी इतका चिडलो होतो की चार लोकांना सांगितलं, लिनक्स टाकू नका, मराठीचे वांधे आहेत. ते शब्द आता परत घेतो. कारण नोव्हेंबरात इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा सरकारी कीबोर्ड, शिकलो. त्यात इंग्रजी J च्या बटणावर र आहे, शिफ्ट धरून तेच दाबलं की ऱ, मग D दाबून हलंत, मग य. आलं ऱ्य. पंधरा दिवस बोटं अडखळली, चौथीतल्या पोरासारखा एकेक अक्षर शोधून टाइप करत होतो, आता फोनेटिकपेक्षा जोरात होते. गंमत म्हणजे युनिकोडच्या (कॉम्प्युटरवर सगळ्या भाषांच्या अक्षरांना नंबर देणारं मानक) तक्त्यात या ऱ पुढं द्राविडी भाषांतला र लिहायसाठी अशी नोंद आहे, आपल्या अर्ध्या ऱ्या ची सोय त्याच्याच खाली एका ओळीत.

इथंच थांबलो असतो तर रिव्ह्यू चांगला झाला असता. पण जानेवारीच्या शेवटी गटाची मीटिंग होती. बायको प्रिंट काढून घेऊन गेली. १२ बाया, महिन्याला २०० रुपये बचत, एप्रिलपासून दहा महिने, म्हणजे प्रत्येकीच्या नावावर २००० पाहिजे. अकरा जणींचे बरोबर. वऱ्हाडे काकूंच्या नावापुढं ६००. काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माहे चौदाशे कुठी गेले वं?" बायको घरी आली ती तोंड पाडूनच, आणि मला म्हणाली, "तुमच्या फुकटच्या कॉम्प्युटरनं मले चोर ठरवलं."

पुढचे तीन दिवस मी लिब्रेऑफिसला, म्हणजे मिंटमधल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला, शिव्या दिल्या. सम-इफचा (नाव जुळलं की रक्कम जोडणारा) फॉर्म्युला तोच, फाइल तीच, डोळ्यांनी पाहिलं तर दहाही ओळीत 'वऱ्हाडे' सारखंच दिसते. पोरानं बाजूच्या खान्यात अक्षरं मोजायचा फॉर्म्युला लावला, लेन. एप्रिल ते ऑक्टोबर, आठ अक्षरं. नोव्हेंबर ते जानेवारी, सात! दिसायला एकच नाव, मोजायला दोन.

झालं असं, की विंडोजवर जे जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं ते ऱ्हा बनवताना साधा र, हलंत आणि त्याच्यापुढं एक न दिसणारं जोडचिन्ह घालत होतं. इनस्क्रिप्टमध्ये सरळ ऱ येते, चिन्ह लागत नाही. दोन्ही पद्धती युनिकोडला मान्य, दोन्ही छापल्यावर एकसारख्या. फॉर्म्युल्याला मात्र त्या दोन वेगळ्या बाया. म्हणजे दोष लिनक्सचा नव्हता, लिब्रेऑफिसचाही नव्हता, जुनी फाइल विंडोजवरच ठेवून कीबोर्ड बदलला असता तरी हेच झालं असतं. जुना तुकडा कॉपी करून शोधा-बदलामध्ये टाकला, नवा ऱ् खाली दिला, ४१ ठिकाणी बदललं. काकूंचे २००० झाले. फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये बायकोनं ते मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणे.

त्याच आठवड्यात विंडोज पुसून टाकलं, जागा मोकळी झाली. पैशाचं म्हणाल तर मिंट टाकायला एक रुपया लागला नाही, पेनड्राइव्ह घरचाच. ३२ हजार वाचले त्यातले थोडे तुरीच्या फवारणीत गेले, ते सोडा.

राहिलेली कटकट प्रिंटरची. जुना छोटा लेझर प्रिंटर आहे, तो पान तयार करायचं सगळं काम कॉम्प्युटरवर टाकणारा, त्यामुळं त्याचा खास ड्रायव्हर लागते. दोन रविवार घातले, एकदा चालला, पुन्हा सुरू केल्यावर बंद. आता पीडीएफ बनवून पेनड्राइव्हवर नेतो आणि चौकातल्या सेंटरवर ५ रुपये पान देतो. हे मला टोचते, खोटं कशाला बोलू. नवीन घेणारे असाल तर प्रिंटर आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा, मी वायफाय पाहिलं आणि प्रिंटर विसरलो.

बाकी आता मिंटच राहणार, २०२९ पर्यंत अपडेट आहेत. एक शिल्लक आहे. गटाच्या सचिव बाई महिन्याची यादी मोबाइलवरून पाठवतात, त्यात अजूनही 'वर्हाडे'च येते. दर ५ तारखेला जेवण झाल्यावर मी बसतो आणि ते एक नाव हातानं दुरुस्त करतो, मगच बायको बेरीज पाहते.