मूल स्वतःला इजा करतं: एबीसी तक्ता पुरेसा, की चाचणी घ्यावी?

"लक्ष वेधून घ्यायला करतो हो." विशेष मुलांच्या शाळेत किंवा थेरपी सेंटरमध्ये काम करणाऱ्यांनी हे वाक्य शंभरदा ऐकलेलं असतं. मी तर ते एका सहा वर्षांच्या मुलाच्या फाइलमध्ये लिहिलंही आहे. तो स्वतःच्या मनगटाला कडकडून चावायचा. दोन आठवडे आम्ही एबीसी तक्ता भरला: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. तिसऱ्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच ओळ होती, 'ताई म्हणाल्या, नको रे बाळा.' मग ठरलं, चावला की कुणी बघायचं नाही. तीन आठवड्यांत चावणं वाढलं.

गोम कुठे होती ते मदतनीस मावशींच्या लक्षात आलं. 'नको रे बाळा' म्हणता म्हणता ताईंचा दुसरा हात मुलासमोरचा पेगबोर्ड, म्हणजे भोकांत खुंट्या बसवायची पाटी, बाजूला सरकवत असे. तक्त्यात ते कुठेच नव्हतं, कारण आपण काही केलं असं ताईंनाही वाटत नव्हतं. मुलगा चावायचा तो पेगबोर्ड समोरून जावा म्हणून. आम्ही दुर्लक्ष करू लागलो तेव्हा काम आपोआपच थांबायचं, म्हणजे त्याला हवं ते आम्ही आणखी सढळ हातानं देत होतो.

आता तुमच्यासमोर असंच मूल असेल आणि तक्त्यावर भागवायचं की पुढे जायचं हे ठरवायचं असेल, तर दोन्हींची खरी किंमत माहीत हवी.

तक्त्याच्या बाजूनं बोलायचं तर तो स्वस्त आहे, आई घरी भरू शकते, आणि मुलाला मुद्दाम डिवचावं लागत नाही. कोणत्या वेळी, कुणाबरोबर, कोणत्या कामाला त्रास होतो हे त्यातून छान कळतं. पण कारण कळेलच असं नाही. मूल स्वतःला मारू लागलं की मोठी माणसं धावतातच; त्यामुळे 'नंतर काय झालं'च्या रकान्यात लक्ष देणं भरभरून दिसतं, मग मुलाला त्याची पर्वा असो वा नसो. थॉम्पसन आणि इवाटा या संशोधकांनी २००७ मध्ये अशा निरीक्षणाचे निष्कर्ष प्रत्यक्ष चाचणीशी ताडून पाहिले, तेव्हा ते थोड्याच व्यक्तींच्या बाबतीत जुळले.

चाचणी म्हणजे फंक्शनल ॲनालिसिस: परिस्थिती मुद्दाम बदलून वागण्यामागचं कारण तपासणं. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ती मांडली, बाल्टिमोरमध्ये, स्वतःला इजा करणाऱ्या नऊ जणांबरोबर. पंधरा-पंधरा मिनिटांची सत्रं. एकात मोठी माणसं आपल्या कामात असतात आणि इजा केली तरच काळजीनं बोलतात. दुसऱ्यात अभ्यास दिला जातो आणि इजा केली की तो थोडा वेळ थांबतो. तिसऱ्यात मूल एकटं. चौथ्यात खेळणी, गप्पा, कसली मागणी नाही, ही तुलनेसाठी. ही सत्रं आलटूनपालटून पुन्हा पुन्हा घ्यायची आणि आलेख काढायचा. नऊपैकी सहा जणांत एका ठरावीक परिस्थितीत इजा ठळकपणे वाढली, आणि ती परिस्थिती सगळ्यांची एकच नव्हती. बाहेरून एकसारखं दिसणारं वागणं आतून वेगवेगळं असू शकतं, हे आलेखात उघड दिसलं.

याचा उपयोग काय, ते कार आणि ड्युरांड यांच्या १९८५ च्या अभ्यासात दिसतं. अवघड कामामुळे त्रास देणाऱ्या मुलांना 'मला समजत नाही' असं म्हणून मदत मागायला शिकवलं, तेव्हा त्रास कमी झाला. त्यांनाच कौतुक मागायचं वाक्य शिकवलं, तर फरक पडला नाही. म्हणजे कारण चुकलं की चांगला उपायही वाया जातो.

इतकं असूनही ही चाचणी फार कुणी घेत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वर्तन विश्लेषण करणाऱ्यांच्याच एका सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक जणांनी आपण ती कधीच किंवा जवळजवळ कधीच घेत नाही असं सांगितलं. 'संशोधन वाचत नाहीत' असा ठपका यावर ठेवला जातो. मला तो अर्धाच पटतो. वर्गात आठ मुलं, दोन ताई, आणि मुलानं स्वतःला मारावं अशी परिस्थिती मुद्दाम तयार करायची, हे पालकांना कसं समजावणार? रिकामी खोली आणि मोजणारा तिसरा माणूस आणायचा कुठून?

संशोधकांनी या अडचणी ऐकल्या नाहीत असंही नाही. १९९५ मध्ये सिगाफूस आणि सॅगर्स यांनी हीच चाचणी वर्ग चालू असताना मिनिटा-मिनिटाच्या छोट्या सत्रांत बसवली: मिनिटभर काम द्यायचं, वागणं दिसलं की लगेच काम काढायचं, मग मिनिटभर काहीच मागायचं नाही. असं दिवसभरात जमेल तेव्हा. २०१४ मध्ये हॅन्ली आणि सहकाऱ्यांनी आधी पालकांची सविस्तर मुलाखत आणि मग दोनच परिस्थितींची तुलना, अशी पद्धत दिली. ती झटपट होते, पण काम थांबणं, खेळणं मिळणं, लक्ष मिळणं हे सगळं एकाच चाचणीत बांधलेलं असतं. त्यातला नेमका कोणता धागा कामाचा, हे तिच्यातून सुटं होत नाही. यावर या क्षेत्रात अजून वाद आहे. उपचार लवकर सुरू करायचे असतील तर मला ती चालते; एकेका धाग्याचा छडा लावायचा असेल तर नाही.

माझ्या मते वागणं किरकोळ असेल, म्हणजे पेन्सिल फेकणं किंवा टेबलाखाली जाऊन बसणं, तर आठवडाभराचा तक्ता आणि पालकांशी नीट बोलणं पुरे. अंदाज चुकला तर पंधरा दिवसांत कळतं आणि बदलता येतं. 'लक्ष देऊ नका' असा सल्ला द्यायच्या आधी मात्र वर्गातली छोटी चाचणी घ्यावीच, कारण हा सल्ला उलटला तर भोगतं मूल. रक्त येत असेल, डोक्याला किंवा डोळ्यांना इजा होत असेल, तर आधी डॉक्टरांकडे न्या. कान दुखणं, दात किडणं यांनीही मुलं स्वतःला मारतात. नंतरची चाचणी अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, पालकांची लेखी संमती घेऊन, आणि कोणत्या क्षणी थांबायचं हे आधी ठरवून. हे एकट्यानं करू नका.

आमच्या मुलाची छोटी चाचणी पाच दिवस चालली, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि अर्धा कागद घेऊन. पेगबोर्ड समोर असताना तो चावायचा, नसताना क्वचितच. मग त्याला 'बस झालं'चं चित्रकार्ड द्यायला शिकवलं. सुरुवातीला तर तो दर अर्ध्या मिनिटाला द्यायचा आणि आम्ही मुकाट्यानं दर वेळी पेगबोर्ड उचलायचो. तक्ता आम्ही अजूनही भरतो. फक्त त्यात एक चौथा रकाना आखलाय: 'त्या वेळी मोठ्यांचे हात काय करत होते?' आणि तो मावशी भरतात.