टर्बो परत बसवल्यावर गॅस मारतो? नागपूरजवळच्या वाडीत काउंटरवर मिळणाऱ्या पॅकिंगचा (गॅस्केटचा) रिव्ह्यू

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारं चक्र, रिपेअर होऊन आला, बसवला, गाडी सुरू केली आणि मॅनिफोल्डकडून, म्हणजे इंजिनचा गॅस टर्बोत आणणाऱ्या ओतीव पाइपाकडून, चट-चट-चट सुरू. इंजिन थंड असताना आवाज जोरात येतो. लोखंड तापून फुगलं की दबतो, म्हणून ‘बसला’ समजून गाडी सोडून देतात. मग जबलपूर रोडला कुरई घाटात भरली गाडी ओढत नाही, काळा धूर मारते. टर्बाइनच्या (टर्बोतल्या गॅसवर फिरणाऱ्या चक्राच्या) आधीच गॅस निसटला तर चक्र फिरवायला जोर उरत नाही. बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब) पडतो, हवेच्या मानानं डिझेल जास्त होतं, एक्झॉस्टचा ताप चढतो. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) तर इंटरकूलरला, म्हणजे ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला, बाहेरून गरम हवाच मिळते, तेव्हा हा बारीक लीकेजही चांगलाच जाणवतो.

वाडी किंवा कापसीत स्पेअरच्या दुकानावर टर्बो-मॅनिफोल्डची पॅकिंग मागितली की साधारण तीन प्रकारचा माल समोर येतो.

पहिली ग्रॅफाइटची, आत पातळ पत्रा असलेली. मऊ असते, फ्लॅन्जवरचे (जोडाच्या सपाट तोंडावरचे) बारीक चरे भरून घेते, त्यामुळे पहिल्या दिवशी हीच सगळ्यात चांगली वाटते. पण भरल्या गाडीत टर्बाइनच्या तोंडाशी गॅस 600-700 अंशांपर्यंत जातो आणि उघडी ग्रॅफाइट त्याच्या कितीतरी आधीच हवेत जळायला लागते. कडा खाल्ली जाते, पॅकिंग दबते, नट ढिले पडतात. सायलेन्सरच्या मागच्या जोडाला ठीक, टर्बोच्या तोंडाला नको. पाचपैकी दोन.

दुसरी एम्बॉस केलेली स्टेनलेस स्टीलची, एका पत्र्याची किंवा थरांची. भोकांभोवती जो उठाव असतो तो स्प्रिंगसारखा दाबून राहतो आणि तापण्या-निवण्यातली हालचाल सांभाळतो. थरांची घ्यावी, पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला कारण ती वाकडा फ्लॅन्ज अजिबात माफ करत नाही. एकदा दाबलेला उठाव पुन्हा उभा राहत नाही, म्हणून काढलेली पॅकिंग परत लावायची नाही, कितीही कोरी दिसली तरी.

तिसरी वस्तू म्हणजे लाल सिलिकॉनची ट्यूब. तिची झेप 300-350 अंशांपर्यंत, म्हणजे या जागेच्या निम्मी. जळून सुटलेला तुकडा सरळ टर्बाइनच्या पात्यांवर जातो. टर्बोच्या ऑइल रिटर्न पाइपलाही ती लावू नये: आत दाबला गेलेला थर वाट अडवतो, ऑइल परत उतरत नाही आणि सीलमधून बाहेर पडतं. शून्य गुण.

आता खरी गोष्ट. लीकेजचं मूळ बहुतेक वेळा पॅकिंगच्या बाहेर असतं. खोललेल्या फ्लॅन्जकडे नीट पाहा. जिथून गॅस मारतो तिथे भोकापासून कडेपर्यंत पंख्यासारखी काजळी पसरलेली असते, बाकी जागा राखाडी. त्या पंख्यावर सरळ पट्टी उभी धरा आणि खालून 0.10 मिमीची फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. शिरली तर फ्लॅन्ज वाकलाय, फेसिंग मारून (मशीनवर सपाट करून) घ्या. मॅनिफोल्डचा आणि टर्बाइन हाउसिंगचा, दोन्ही फेस तपासा. दोन भोकांमधल्या भिंतीत आरपार चीर असेल तर कुठलीच पॅकिंग चालणार नाही. जुनी कार्बन पितळी ब्रशनं काढा. ग्राइंडरची चकती फिरवली की खड्डा पडतो आणि नवं काम निघतं.

स्टड-नटांवर काटकसर करू नका. लांबलेला स्टड टॉर्क दाखवतो पण पकडत नाही. नायलॉनवाला लॉक नट इथे वितळतो, जस्त चढवलेल्या नटाचा थर 419 अंशांवर पातळ होतो. तांब्याचा मुलामा असलेला किंवा पूर्ण धातूचा लॉक नटच मागा आणि आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. कसताना तिरप्या क्रमानं, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलचाच घ्या, बी-सीरिज 5.9 लिटर कमिन्सला मॅनिफोल्डचे बोल्ट 43 न्यूटन-मीटर लागतात, ते दुसऱ्या इंजिनला लावू नका.

पुढचा पाइप भोकाला जुळत नसेल तर बोल्टनं ओढून जुळवू नका. आधी सायलेन्सरचे क्लॅम्प ढिले करा, पाइप आपसूक जागेवर येऊ द्या, शेवटी कसा. नाहीतर सगळा ताण टर्बोच्या फ्लॅन्जवर येतो आणि बेलोज (पाइपातला लवचीक घड्यांचा तुकडा) फाटतो. व्ही-बँड क्लॅम्प (दोन फ्लॅन्ज खाचेत पकडणारा गोल पट्टा) असेल तर कसताना लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी हलके ठोकत जा, म्हणजे तो खाचेत बसतो.

सुरू करण्याआधी टर्बोच्या ऑइल इनलेटमध्ये (हवेच्या तोंडात नाही) 50-100 मिली स्वच्छ इंजिन ऑइल ओता, मग दोन-तीन मिनिटं फक्त आयडलवर ठेवा. लीकेज पाहायचं तर इंजिन थंड आणि बंद असताना सायलेन्सरच्या तोंडातून कमी दाबाची हवा सोडून जोडांवर साबणाचं पाणी मारा. तापल्या हाउसिंगवर पाणी पडलं तर तिथेच चीर जाते. पहिल्यांदा पूर्ण तापून गाडी थंड झाली की नट एकदा पुन्हा तपासा.

बीएस-6 गाडीत टर्बोनंतरचा लीकेजही सोडून चालत नाही: सेन्सर चुकीचं वाचतात, डीपीएफला (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला) हवा तेवढा ताप मिळत नाही आणि दिवा लागतो. थरांची पॅकिंग, नवे नट आणि फेसिंग, तिन्ही एकाच वेळी करून घ्या. फक्त पॅकिंग बदलायला परत खोललेली गाडी म्हणजे दुप्पट मजुरी.