एकच फूल रंगीत, बाकी करडं : आठ महिने गिंप वापरल्यावर

फूल रंगीत आणि बाकी सगळं काळं-पांढरं, असा फोटो गिंप या फोटो सुधारण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांत तयार होतो. बघण्यासारखा व्हायला मात्र तासभर लागतो, आणि तो तास फुलावर कमी, मागच्या करड्यावर जास्त जातो. आठ महिने ठाण्यातली जास्वंद, गुलमोहर, ताम्हण आणि जांभळी नाक्याचा झेंडू यांच्यावर चालवल्यानंतरचं हे मत.

आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडामुळे फोटोवर चढलेली रंगाची झाक काढणं. निळ्या ताडपत्रीखाली काढलेला झेंडू मळकट येतो, आणि बाकीचं करडं झालं की हा मळ कुठून आला तेही कळत नाही. मग कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून लेअरची (फोटोच्या थराची) प्रत काढा, वरची प्रत करडी करा, तिला पांढरा लेअर मास्क (पांढरं असेल तिथे थर दिसतो, काळं असेल तिथे लपतो, असा पडदा) लावा आणि फुलाच्या जागी काळा ब्रश फिरवा. खालचा रंग वर येतो. हात घसरला तर एक्स दाबा, ब्रश पांढरा होतो. नवशिक्यांचा घोळ ठरलेला: लेअरच्या यादीत मास्कऐवजी फोटोचं चित्र निवडलेलं राहतं आणि पाकळीवर काळा फराटा उमटतो.

करड्याची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. डीसॅच्युरेट या रंग काढणाऱ्या आज्ञेतला ल्युमिनन्स हा पर्याय करड्याचा उजळपणा ठरवताना हिरव्याला सुमारे ७२ टक्के वजन देतो, लालला २१. त्यामुळे पानं उजळ राखाडी होतात आणि फुलाशी भांडतात. त्याऐवजी मोनो मिक्सर (ही वजनं स्वतः ठरवू देणारा फिल्टर) उघडून लाल ०.६, हिरवा ०.२, निळा ०.२ ठेवा. पानं गडद होऊन मागे बसतात. यात एखादं पिवळं पडलेलं पान मात्र उजळ राहतं आणि डोळ्यात खुपतं. ते बर्न टूलने (तेवढाच भाग गडद करणाऱ्या ब्रशने) दाबावं लागतं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर लेअरवर जिवंत राहतो, आकडे नंतरही बदलता येतात. २.१० वापरणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी नवी घ्यावी.

रंगीत ठेवायच्या भागाची निवड करताना प्रत्येक फूल वेगळं छळतं. गुलमोहराच्या चार पाकळ्या लाल, पाचवीवर पांढरे-पिवळे पट्टे. रंगावरून निवड केली की नेमकी ती पाचवी सुटते आणि फूल दात पडल्यासारखं दिसतं. ताम्हणाच्या मधल्या पिवळ्या केसरांचंही तेच. तिथे हातानेच रंगवायचं. जास्वंदीचा त्रास कॅमेऱ्यापासून सुरू होतो: लाल चॅनेल फुटला (लालचा उजेड कॅमेऱ्याच्या मर्यादेबाहेर गेला) की पाकळीच्या शिरा गेल्या, आणि त्या कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. फोटो काढतानाच एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा).

कड ही पुढची परीक्षा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत मास्कवर दीडेक पिक्सेलचा गॉशियन ब्लर (कड मऊ करणारा फिल्टर) पुरतो. त्याहून जास्त दिला तर पाकळीभोवती रंगीत वलय येतं, अजिबात नाही दिला तर फूल कात्रीने कापून चिकटवल्यासारखं. शेजारच्या पानावर फुलाची लाली पडलेली असते, ती पूर्ण पुसू नका. मास्कवर काळ्या ब्रशची ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) २० ठेवून तिथे एकदा हात फिरवला की फूल त्या फांदीवरचंच वाटतं.

मुळातच काळा-पांढरा असलेला फोटो रंगवायचा तर आधी आरजीबी (लाल-हिरवा-निळा) मोडमध्ये न्यावा लागतो, नाहीतर कोणताही रंग लावा, तो करडाच उमटतो. वर नवा लेअर, मोड एचएसएल कलर, म्हणजे खालचा उजेड-अंधार तसाच राहून फक्त रंग चढतो. एकाच गुलाबी रंगाने भरलेली पाकळी प्लॅस्टिकची दिसते. देठाकडे गडद, टोकाकडे फिकट अशा किमान दोन छटा हव्यात.

काम एक्ससीएफमध्ये (गिंपच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) ठेवा, म्हणजे मास्क टिकतो. जेपेग काढताना ॲडव्हान्स्ड पर्यायांत सबसॅम्पलिंग ४:४:४ करा, म्हणजे रंगाची माहिती पूर्ण साठते. ४:२:० मध्ये रंगाची माहिती अर्ध्या रुंदी-उंचीवर साठते, म्हणून लाल कड शेजारच्या करड्यात फिसकटते. साध्या फोटोत हे कोणी पाहत नाही, इथे लगेच दिसतं. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

प्रिंटला देताना ‘ऑटो करेक्शन बंद’ हे काउंटरवर तोंडी सांगून भागत नाही, पाकिटावर लिहून द्या. मशीनने स्वतःचं डोकं चालवलं की सगळं करडं हिरवट येतं. आधी चार-बाय-सहाची एक चाचणी प्रिंट काढून ती उन्हात, खिडकीपाशी बघा. दुकानातल्या ट्यूबखाली हिरवटपणा कळत नाही.