मॅजिक, यू-गी-ओह की पोकेमॉन: मध्येच कोण बोलू शकतं?

कोणता कार्ड गेम शिकायचा हे ठरवताना चित्रांआधी एक गोष्ट बघा: तुमची खेळी चालू असताना समोरचा मध्ये पडू शकतो का?

पोकेमॉनमध्ये जवळपास नाहीच. शाळकरी मुलांबरोबर खेळायचं असेल तर हाच घ्या. इथे घोळ होतो तो हिशोबात. समजा हल्ला ९० चा, हल्ला करणाऱ्याला +३०, समोरच्याला वीकनेस (म्हणजे नुकसान दुप्पट) आणि शिवाय −३० चं संरक्षण. हल्ला करणाऱ्याची वाढ आधी, मग वीकनेस, संरक्षण शेवटी: १२०, २४०, २१०. आधी दुप्पट केलंत तर १८० येतात आणि २०० एचपीचा (म्हणजे २०० नुकसान झालं की बाद होणारा) पोकेमॉन फुकट वाचतो. हल्ल्यात ‘डॅमेज काउंटर (नुकसान मोजायच्या खुणा) ठेवा’ असं लिहिलं असेल तर मात्र वीकनेस लागतच नाही.

मॅजिकमध्ये समोरचा जवळजवळ केव्हाही बोलू शकतो. १९९९ पासून या खेळात ‘स्टॅक’ आहे, म्हणजे टाकलेली कार्डं लागू होण्याआधी जिथे एकावर एक थांबतात ती जागा. तो उतरंडीसारखा: शेवटी ठेवलेलं मडकं आधी उतरतं. तुमच्या २/२ (ताकद २, टिकाव २) अस्वलावर तुम्ही जायंट ग्रोथ (+३/+३) टाकलंत आणि त्यावर समोरच्याने लाइटनिंग बोल्ट (३ डॅमेज) मारला, तर बोल्ट आधी लागतो. ३ डॅमेजने अस्वल मरतं, ग्रोथला लक्ष्यच उरत नाही, दोन्ही कार्डं गेली. तेच त्याच्या बोल्टवर तुम्ही ग्रोथ टाकलंत, तर अस्वल ५/५ होऊन ३ डॅमेज पचवतं. आधीच बळ वाढवून ठेवणं ही नवख्यांची सगळ्यात महाग सवय.

पण सगळंच क्रमावर चालत नाही. ग्रोथ लागलेल्या अस्वलाला नंतर टर्न टू फ्रॉगने १/१ बेडूक केलं, तरी तो ४/४ च राहतो. मूळ आकडे बदलणारा परिणाम नेहमी आधी मोजायचा, वाढ नंतर. कोणतं कार्ड आधी पडलं याला महत्त्व नाही. अशी गणितं आवडत असतील तर मॅजिक वर्षानुवर्षं पुरतं.

यू-गी-ओहची ‘चेन’ (एकमेकांना उत्तर म्हणून टाकलेल्या कार्डांची साखळी) हीसुद्धा शेवटाकडूनच उलगडते, पण एकदा उलगडायला लागली की मध्ये काही घालता येत नाही. मॅजिकमध्ये प्रत्येक मडकं उतरल्यावर पुन्हा संधी मिळते, म्हणून तिथून आलेले इथे हमखास फसतात. दुसरा सापळा मिस्टिकल स्पेस टायफून या कार्ड नष्ट करणाऱ्या स्पेलचा. समोरच्याच्या नॉर्मल स्पेलवर (एकदाच वापरायच्या मंत्रकार्डावर) तो टाकलात तर कार्ड नष्ट होतं, पण परिणाम घडतोच. नष्ट करणं म्हणजे रद्द करणं नव्हे. कंटिन्युअस स्पेल मात्र अडतो, कारण त्याला मैदानावर टिकावं लागतं.

हा खेळ घेणार असाल तर इंग्रजी मजकूर शब्दन्‌शब्द वाचायची तयारी हवी. ‘व्हेन (अमुक घडलं की)… यू कॅन’ असा इफेक्ट ती घटना सर्वांत शेवटी घडली तरच मिळतो. ग्रेव्हयार्डात (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) गेल्यावर असा इफेक्ट देणारा मॉन्स्टर ट्रिब्यूट (बळी) देऊन दुसरा समन केलात (मैदानावर आणलात), की शेवटची घटना समन ठरते आणि ग्रेव्हयार्डात गेल्याचा इफेक्ट हुकतो. तिथे ‘इफ’ असता तर मिळाला असता. अर्धविरामाकडेही लक्ष ठेवा: त्याआधी जे लिहिलंय ते कार्ड खेळतानाच करायचं, नंतरचं ते चेन उलगडताना. म्हणून इफेक्ट रद्द झाला तरी किंमत म्हणून टाकलेलं कार्ड परत हातात येत नाही.