पावसाळा काढल्यावर बिनतारी गिअर: स्रॅम जीएक्स ट्रान्समिशन

पुण्यात माउंटन बाइक चालवणाऱ्याला गिअरचं दुखणं कुठून सुरू होतं हे वेगळं सांगायला नको. जूनचे दोन-चार दणकट पाऊस झाले की केबलच्या हाउसिंगमध्ये मुरमाचा बारीक लगदा शिरतो. आधी लिव्हर जड होते, मग गिअर अर्धवट पडायला लागतात आणि बोपदेवच्या ऐन चढावर चेन दोन चक्रांच्या मध्ये कुरकुरत बसते. सर्व्हिसला द्या, केबल बदला, आठवड्याभरात पुन्हा तेच. या कटकटीला कंटाळून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी स्रॅम कंपनीचं जीएक्स ईगल ट्रान्समिशन, म्हणजे केबलऐवजी बॅटरीवर चालणारा बिनतारी गिअरसंच, बसवलं. बिनतारी गिअर तसे नवे नाहीत. स्रॅमने ईगल एएक्सएस (एएक्सएस हे त्यांच्या बिनतारी यंत्रणेचं नाव) २०१९ मध्ये आणलं, पण ट्रान्समिशन २०२३ चं आहे आणि त्याची बांधणीच निराळी आहे.

नेहमीचा मागचा डीरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, फ्रेमला एका पातळ हँगरने लटकलेला असतो. सायकल आडवी झाली की हँगर किंचित वाकतो, आणि तो वाकला की सगळं सेटिंग गेलं. ट्रान्समिशनमध्ये हँगरच नाही. डीरेलर फ्रेमच्या शेपटाला दोन्ही बाजूंनी धरून थेट ॲक्सलवर बसतो. सेटिंगचे हाय-लो चे स्क्रू नाहीत, बी-टेन्शनचा स्क्रूही नाही. मात्र फ्रेमला यूडीएच (युनिव्हर्सल डीरेलर हँगर) या ठरावीक मापाच्या हँगरची जागा असायलाच हवी, नाहीतर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. आणि डीरेलरचा बोल्ट ३५ न्यूटन-मीटरला आवळायचा असतो, अंदाजपंचे नाही. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) नसलेल्या मेकॅनिककडे हे काम देऊ नका.

टिकाऊपणाची परीक्षा पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच झाली. उतारावर कातळाच्या एका पायरीला डीरेलर असा आदळला की मागच्या मित्राने ब्रेकच लावला. धक्का बसला की आतला क्लच मोटरला मोकळं करतो, त्यामुळे गिअरबॉक्सवर जोर येत नाही. खाली वाकून पाहिलं तर बाहेरच्या बाजूला बोटभर पांढरा ओरखडा आणि त्यात काळ्या दगडाची भुकटी. डीरेलर जरासा मागे फिरला होता. बोल्ट सैल केला, जागेवर आणला, आवळला. घरी जाईपर्यंत एकही गिअर चुकला नाही. पूर्वी एवढ्या फटक्यानंतर मी सायकल ढकलत खाली आले असते.

गिअर पडण्याबद्दल मात्र आधीच सांगते: वेगाची हौस असेल तर निराशा होईल. कॅसेटवर (मागच्या चाकावरच्या चक्रांच्या संचावर) चेन चढायच्या ठरावीक जागा आहेत आणि डीरेलर ती जागा येईपर्यंत थांबतो. एकेक गिअर टाकताना हे जाणवत नाही. पण वळण घेतल्यावर अचानक उभा चढ समोर आला आणि चार-पाच गिअर एकदम उतरवायचे झाले, की बटण दाबून धरायचं आणि पेडल मारत राहायचं. चेन टप्प्याटप्प्यानेच चढते, आणि पेडलचा वेग मंद असेल तर आणखी सावकाश. त्यामुळे चढ दिसला की आधीच बटण दाबायची सवय लावून घ्यावी लागते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे जोर लावलेला असताना पडणारा गिअर. आपण सगळे गिअर बदलताना पाय हलका करायला शिकलो. इथे तसं करायचं नाही. उभं राहून पूर्ण वजनाने पेडल मारत असताना ३८ वरून ४४, तिथून ५२ दात्यांवर चेन जाते तेव्हा एक भरीव ‘खट्’ ऐकू येतो, बस्स. कडाड नाही, झटका नाही. चिखलाने डीरेलरचा आकारही दिसत नव्हता तेव्हासुद्धा हेच. सबंध पावसाळ्यात गिअरच्या सेटिंगला हात लावावा लागला नाही, आणि माझ्या मते पैसे मोजायचे ते याच्यासाठी. तार नसल्यामुळे सायकल देखणी दिसते वगैरे ठीक आहे.

बॅटरीचा बाऊ लोक उगाच करतात. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याहून लहान, साधारण तासाभरात भरते. हँडलवरच्या बटणांत सीआर२०३२ चा सेल, तो घड्याळवाल्याकडेही मिळतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: हालचाल झाली की डीरेलर जागा होतो. गाडीच्या रॅकवर सायकल टाकून साताऱ्याला निघालात तर तो वाटभर जागाच राहणार. बॅटरी काढून खिशात टाका आणि जागेवर टोपण बसवा. सीटपोस्टही (सीटखालची वर-खाली होणारी दांडी) एएक्सएसचा असेल तर दोघांची बॅटरी एकच, अडीनडीला अदलाबदल करता येते. धुताना प्रेशरचा फवारा नको. बादली, जुना ब्रश, आणि बॅटरीचे पॉइंट कोरड्या फडक्याने पुसायचे.

झिजायचं ते झिजतंच. मुरूम चेनला खातो, तिला गिअर कशाने बदलतात याच्याशी देणंघेणं नाही. चेन वेळेवर बदलली नाही तर कॅसेट जाते, आणि या कॅसेटची किंमत घरात मोठ्याने सांगण्यासारखी नाही. म्हणून चेनची झीज मोजायचं गेज कायम जवळ ठेवते.

स्रॅमची स्पर्धक शिमानो कंपनीनेही २०२५ मध्ये आपला एक्सटीआर गिअरसंच बिनतारी केला आणि पाठोपाठ एक्सटी आणि देओरेही आणले. त्यात हँगर कायम आहे आणि जुनी बारा गिअरची शिमानो कॅसेट-चेन चालते. आधीच शिमानो असेल तर तो हिशोब आधी करून पाहा, सगळंच बदलायची गरज पडणार नाही.

ट्रान्समिशनला ती सोय नाही. याची चेन एका कडेने सपाट असते आणि हीच लागते. ती मागितली तर एका दुकानदाराने ‘बारा गिअरची कोणतीही चालते हो’ म्हणत साधी ईगलची पुढे केली होती. ती घेऊ नका. सपाट कडेची मिळाली की पॉवरलॉकसकट (चेन जोडायची कडी) एक जास्तीची घेऊन ठेवा, जूनमध्ये शोधायला निघालात तर मिळेलच असं नाही.