वाहनकर्जासोबतचे ‘ऐच्छिक’ पर्याय : शोरूममध्ये कर्जात घालून घ्यावेत की बाहेरून स्वतंत्र?

सोयाबीनचे पैसे हातात आले आणि दसरा जवळ आला, की लातूर-नांदेडच्या शोरूममध्ये उभे राहायला जागा उरत नाही. मुहूर्ताला गाडी दारात आली पाहिजे, या घाईत पंचवीस-तीस सह्या एका बैठकीत होतात आणि त्यांतील चार-पाच सह्या अशा वस्तूंसाठी असतात, ज्या मागायला ग्राहक शोरूममध्ये गेलेलाच नसतो. उदगीरच्या माझ्या मेहुण्यांनी गेल्या वर्षी मोटार घेतली, तेव्हा ठरलेले कर्ज सहा लाखांचे होते. कागदावर मात्र ६,६०,००० रुपये दिसले. वरच्या साठ हजारांत ‘लोन सुरक्षा’ १८,५००, एक्स्टेंडेड वॉरंटी १६,००० आणि कोटिंग व अ‍ॅक्सेसरीज २५,५०० अशी फोड होती. विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, हे लोनसोबत कंपल्सरीच असतंय, सगळेच घेत्यात.”

त्या मुलाचे वाक्य निम्मे खरे होते, कारण सगळेच घेतात. कंपल्सरी मात्र त्या तिन्हींपैकी एकही वस्तू नव्हती.

म्हणून तुलना करण्याआधी सक्तीचे काय आहे, ते वेगळे काढून ठेवावे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे तृतीय पक्ष विमा, म्हणजे थर्ड पार्टी, अनिवार्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तो एकदम तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा घ्यावा लागतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही लागतो, पण तशी पॉलिसी आपल्या नावे आधीच असेल, तर ती दाखवून दुसऱ्यांदा घेणे टाळता येते. दोन वाहने असलेल्या घरांत हा हप्ता विनाकारण दोनदा भरलेला मी अनेकदा पाहिला आहे. उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि चारचाकीला फास्टॅग हेही नियमाने आलेले आहेत. दुचाकीसोबत हेल्मेट देणे ही तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ ने उत्पादकावर टाकलेली जबाबदारी आहे, त्यामुळे ते ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणून बिलात आले, तर त्याचे कारण जरूर विचारावे.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो कायद्याने सक्तीचा नाही; पण कर्ज देणारी संस्था करारात तो मागते आणि गाडीवर तिचा बोजा असल्याने ते मागणे रास्तही आहे. तो कोणत्या कंपनीचा असावा आणि कोणाकडून घ्यावा, हे मात्र ती संस्था किंवा विक्रेता ठरवू शकत नाही. तीन किंवा पाच वर्षांचा ओन डॅमेजही एकदम घेण्याची सक्ती नाही.

मोटार विमा : विक्रेत्याकडून की स्वतः?

विक्रेत्याकडून घेण्याची सोय खरी आहे. पॉलिसी आणि पासिंगचे कागद एकाच हातून जातात, चेसिस क्रमांकात चूक होत नाही आणि गाडी त्याच दिवशी रस्त्यावर येते. कॅशलेस दुरुस्ती मात्र विक्रेत्याच्या मेहेरबानीवर मिळत नाही, ती विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातील करारावर मिळते; म्हणून बाहेरची पॉलिसी घेण्यापूर्वी आपल्या गावाजवळचे वर्कशॉप त्या कंपनीच्या यादीत आहे का, एवढे पाहिले की तो प्रश्न मिटतो. विमा नियामकाने विक्रेत्यांच्या विमाविक्रीसाठी २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली, त्यांत ग्राहकावर आपल्याकडूनच पॉलिसी घेण्याची सक्ती करण्यास मनाई आहे.

स्वतः घेण्याचा सर्वांत मोठा फायदा नो क्लेम बोनसचा, आणि शोरूममध्ये त्याचा विषय क्वचितच निघतो. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी मोटार पाच वर्षे दाव्याविना चालवून विकली असेल, तर जमलेली ५० टक्क्यांपर्यंतची सवलत नव्या मोटारीच्या ओन डॅमेज हप्त्यावर मिळते. त्यासाठी जुन्या विमा कंपनीकडून बोनसचे पत्र घ्यावे लागते आणि ते तीन वर्षे चालते. विक्रेत्याचे कोटेशन घेऊन, तेवढीच आयडीव्ही (गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत) आणि तीच जोड-कलमे (मूळ पॉलिसीला जोडायची जादा संरक्षणे) ठेवून दुसरे कोटेशन काढावे. आयडीव्ही कमी दाखवून हप्ता स्वस्त भासवणे सोपे असते, म्हणून ही समानता महत्त्वाची आहे.

विम्याच्या जोड-कलमांपैकी झिरो डेप, म्हणजे दाव्यातून घसारा न कापण्याची सोय, नव्या गाडीला घ्यावे, असे माझे मत आहे. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरीच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते, आणि आजच्या गाडीचा बंपर धातूचा नसतो. इंजिन संरक्षणाकडे मराठवाड्यात पूर्वी कोणी पाहत नसे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेड भागांत ज्यांच्या अंगणात पाणी शिरले, त्यांना पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास इंजिनाचे काय होते आणि साधी पॉलिसी तो खर्च का नाकारते, हे वेगळे सांगावे लागणार नाही. नदीकाठच्या किंवा सखल वस्तीत राहणाऱ्याने ते घ्यावे. उंचावर राहून क्वचितच बाहेर पडणाऱ्याने सोडून दिले तरी चालेल.

लोन सुरक्षा की स्वतःचा मुदत विमा?

सर्वाधिक गैरसमज येथेच आहेत. लोन सुरक्षा हा बहुधा समूह जीवन विमा असतो. त्याचा संपूर्ण मुदतीचा हप्ता एकरकमी घेतला जातो आणि ती रक्कम मुद्दलात मिसळली जाते, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही आपण पाच वर्षे व्याज भरतो. संरक्षण बहुतेक योजनांत कर्ज फिटत जाईल तसे घटत जाते. चौथ्या वर्षी कर्जदार गेला, तर दाव्यातून आधी उरलेले कर्ज फिटते आणि घरच्यांच्या हाती थोडेच उरते. याउलट मुदत विम्याची, म्हणजे टर्म इन्शुरन्सची, रक्कम शेवटपर्यंत तेवढीच राहते, ती वारसाला मिळते, हप्ता दरवर्षी भरता येतो आणि गाडी बदलली, बँक बदलली तरी पॉलिसी तशीच चालू राहते. तिशी-चाळिशीतील निरोगी माणसाने दोन्ही कोटेशन शेजारी ठेवली, तर लोन सुरक्षा घेण्याचे कारण त्याला सहसा सापडणार नाही.

तरीही ती सरसकट निरुपयोगी म्हणता येत नाही. पन्नाशी उलटलेल्या, मधुमेह असलेल्या आणि स्वतंत्र मुदत विमा नाकारला गेलेल्या माणसाला समूह योजनेत प्रवेश तुलनेने सहज मिळतो. त्याने ती घ्यावी, पण आरोग्याच्या घोषणापत्रात एजंटाला परस्पर ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करू देऊ नयेत, कारण विमा अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे पहिली तीन वर्षे कंपनी लपवलेल्या आजाराचा मुद्दा काढू शकते.

बँकांनी केलेली विमाविक्री पूर्णपणे ऐच्छिक असावी आणि ती दुसऱ्या कोणत्याही सेवेशी जोडू नये, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलेले आहे. एक वस्तू घेतल्याशिवाय दुसरी न देणे हा ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्येही ‘प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा’ या व्याख्येत बसतो. काउंटरवर ही कलमे म्हणून दाखवण्याची गरज नसते. “हे कंपल्सरी आहे, एवढे लेटरहेडवर लिहून द्या,” असे शांतपणे म्हटले, की बोलण्याचा सूर बदलतो.

एक्स्टेंडेड वॉरंटीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर वस्तू वाईट नाही, वेळ चुकीची आहे. मूळ वॉरंटी संपल्यानंतर जी सुरू होणार, तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज का भरावे? बहुतेक उत्पादक मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती विकत देतात; किंमत तोवर थोडी चढते, त्यामुळे चढणारी किंमत आणि वाचणारे व्याज यांचा हिशेब मांडून ठरवावे, आणि ती उत्पादकाची आहे की विक्रेत्याने तिसऱ्याच कंपनीची पुढे केली आहे, हे प्रमाणपत्रावर पाहावे. कोटिंग, सीट कव्हर, मॅट यांची तुलना करण्यासारखे काही नाही. हव्या त्या वस्तू बाजारातून रोख घ्याव्यात. ‘हँडलिंग’ नावाची ओळ बिलात असेल, तर ती काढायला सांगावी.

ती साठ हजारांची भर दहा टक्के दराने पाच वर्षांच्या कर्जात घातली, तर हप्ता सुमारे १,२७५ रुपयांनी वाढतो आणि एकूण परतफेड ७६,५०० च्या घरात जाते. सोळा हजारांहून अधिक व्याज फक्त या जोडवस्तूंवर जाते. शोरूममध्ये ‘महिन्याला फक्त बाराशे’ असे सांगतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात, फक्त गुणाकार करत नसतात.

कर्ज कोणाकडून, यावर संरक्षण किती ते ठरते

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँका, सहकारी बँका आणि बिगर-बँक वित्त कंपन्या या सर्वांना मुख्य तथ्य विवरण, म्हणजे फायनान्सवाल्यांच्या बोलीतील केएफएस, देणे बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते, म्हणून मराठीत मागण्यात संकोच नको. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे व्याजात शुल्के मिळवून निघणारा कर्जाचा एकूण वार्षिक खर्च, असतो आणि तिसऱ्या पक्षाच्या वतीने वसूल केलेला विम्याचा हप्ताही त्या दरात धरावा लागतो. विवरणात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे कधीही लावता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी हे विवरण किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहते. “ऑफर आजच संपते” या वाक्याला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

माझा सल्ला असा, की विवरणे दोन मागावीत, एक जोडवस्तूंसह आणि एक त्यांच्याविना. पहिल्यात दर साडेनऊ आणि वार्षिक टक्केवारी दर अकराच्या पुढे, तर दुसऱ्यात दोन्ही जवळजवळ सारखे, असे दिसले, की निर्णयासाठी वेगळी चर्चा लागत नाही. आणि मोबाइलवर आलेला ओटीपी ‘फाइल पुढे सरकवण्यासाठी’ कोणालाही वाचून दाखवू नये. तो आकडा म्हणजेच आपली संमती असते. त्यासोबतचा संदेश आधी वाचावा.

पतसंस्थेकडून कर्ज घेणाऱ्यांनी येथे सावध राहावे, आणि मराठवाड्यात असे कर्जदार थोडे नाहीत. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली येत नाहीत, त्यामुळे वरील विवरणाचा नियमही त्यांना लागू नाही आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्यांची तक्रारही चालत नाही. तेथे दाद सहकार खात्याच्या निबंधकाकडे आणि मल्टिस्टेट असेल तर केंद्रीय निबंधकाकडे मागावी लागते. ओळखीचा चेअरमन आणि लवकर मिळणारी रक्कम यांच्या बदल्यात हे संरक्षण सोडायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी सोडणार नाही.

बँक किंवा वित्त कंपनीविरुद्ध आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर लोकपालाकडे जावे. त्यासाठी शुल्क नाही. विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारींसाठी आपल्या भागाला पुण्याचे विमा लोकपाल कार्यालय आहे. विक्रेत्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग, आणि तेथे तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार देऊ शकतो, म्हणजे संभाजीनगरला घेतलेल्या गाडीसाठी हिंगोलीकराला तेथे खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. एकच टेम्पो किंवा काळी-पिवळी घेऊन पोट भरणाराही ‘ग्राहक’ ठरतो, कारण स्वयंरोजगारासाठी केलेली खरेदी कायद्याने व्यापारी हेतूत धरलेली नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक पहिल्या पायरीसाठी पुरतो.

मेहुण्यांच्या साठ हजारांपैकी वॉरंटी तेव्हाच काउंटरवर वगळली गेली. कोटिंग मात्र गाडीवर आधीच मारून ठेवलेले होते, ते पैसे वाचले नाहीत. लोन सुरक्षेवर सही होऊन गेली होती, पण प्रमाणपत्रावर तीस दिवसांच्या फ्री-लूकची, म्हणजे न पटलेली पॉलिसी परत करण्याच्या मुदतीची, ओळ छापलेली होती, तिचा आधार घेऊन त्यांनी बाविसाव्या दिवशी अर्ज दिला. मुद्रांक आणि तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाची रक्कम कापून बाकीचे पैसे परत आले, तेही त्यांच्या बचत खात्यात नव्हे, तर कर्जखात्यात. हप्ता तेवढाच राहिला आणि शेवटचा एक हप्ता कमी झाला. त्यांनी नवे परतफेड पत्रक मागून घेतले आणि आरसीच्या झेरॉक्ससोबत फाइलला लावले.