कंपनीत येऊन घेतले जाणारे इंग्रजीचे वर्ग : बुटीबोरी-हिंगण्याच्या शिफ्टवाल्यांना कितपत कामाचे?

नागपूरजवळची बुटीबोरी काय नि हिंगणा एमआयडीसी काय, शॉप फ्लोअरवरची बोली नागपुरी हिंदी. बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगाव किंवा थेट बिहारकडून आलेला ऑपरेटर आणि वर्ध्याचा सुपरवायझर यांचं तिच्यावर छान निभतं. इंग्रजी गाठ घालते ती कागदावर : जॉब कार्ड, एसओपी (काम कसं करायचं याच्या लेखी पायऱ्या), केमिकलच्या ड्रमवरचं लेबल, मशिनच्या पॅनलवरचा अलार्म, लॉगबुक. म्हणून कंपनीत येऊन शिकवणाऱ्या क्लासची परीक्षा एकाच गोष्टीवर व्हावी, माणूस हा कागद वाचायला लागला का? या कसोटीवर अशा सेवेला वेळेचे गुण भरपूर मिळतात, अभ्यासक्रमाचे कमी.

आधी वेळेचं. हिंगण्याचा कामगार लोकमान्य नगरहून मेट्रो धरून सीताबर्डीच्या क्लासला जाऊ शकतो, बुटीबोरीवाल्याला आठ तास उभं राहिल्यावर ते जमणं कठीण. वर्ग कंपनीतच हवा. पण कंपनीत आहे म्हणजे सोयीचा आहे, असं नाही. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात अशा शिफ्ट दर आठवड्याला फिरत असतील आणि वर्ग रोज सव्वातीनलाच असेल, तर तोच माणूस पहिल्या आठवड्यात वर्गात, दुसऱ्यात लाइनवर आणि तिसऱ्यात रूमवर झोपलेला असतो. तीन आठवड्यांत एकाच आठवड्याची हजेरी. चांगले क्लासवाले एकच धडा दोनदा घेतात : दुपारी सव्वादोनला सेकंड शिफ्टवाल्यांसाठी, सव्वातीनला फर्स्टवाल्यांसाठी. नाइटच्या आठवड्यात वर्ग नाही, फक्त एक पानाचा सराव आणि व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा ऑडिओ. नाइट सुटल्यावर सकाळी सव्वासातला वर्ग ठेवणाऱ्याने एकदा स्वतः रात्रभर प्रेसवर उभं राहून बघावं.

गळतीचं सगळ्यात मोठं कारण मात्र कंटाळा नसतो, बस असते. कंपनीची बस तीन वीसला सुटत असेल तर सव्वातीनच्या वर्गात कोणी टिकत नाही. करार करायच्या आधी एचआर, ट्रान्सपोर्ट आणि क्लासवाला यांना एका टेबलावर बसवा. वर्गाची ४५ मिनिटं पगारी वेळेत धरली, तर हा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो.

आता अभ्यासक्रम. इथे बहुतेकांचं छापील पुस्तक 'माय नेम इज'पासून सुरू होतं आणि इंटरव्ह्यूला संपतं. कॉलेजच्या पोरांचं पुस्तक आहे ते. फ्लोअरवर अडतं ते वेगळंच. ड्रमवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलं की सुरुवातीच्या 'इन'मुळे माणूस 'न पेटणारं' असा अर्थ लावतो. 'इनकम्प्लीट' म्हणजे अपूर्ण हे त्याला माहीत असतं, तर्क त्याचा चुकीचा नाही. पण 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' दोन्हीचा अर्थ एकच, पेट घेणारं. तसंच 'डेंजर' आणि 'वॉर्निंग'. जागतिक लेबल पद्धतीत, म्हणजे जीएचएसमध्ये, इशाऱ्याचे हे दोनच शब्द आहेत आणि 'डेंजर' जास्त गंभीर धोक्यासाठी. दोन्हींपुढे 'खतरा' लिहून देणारा शिक्षक अर्धाच धडा शिकवतो. 'अनलेस', 'अनटिल', 'एक्सेप्ट' (म्हणजे 'वगळून') या तीन शब्दांनी एसओपीचा अर्थ उलटा होतो, आणि हे शब्द पुस्तकात आलेच तर शेवटच्या धड्यात.

आकड्यांवर निदान चार तास द्यायला हवेत. हिंदीत 'तिरपन' म्हणताना तीन आधी येतात, मराठीतही 'त्रेपन्न'. इंग्रजीत पन्नास आधी. घाईत ५३ चे ३५ होतात आणि बॅच नंबर चुकतो. मशिनच्या आवाजात 'थर्टीन' आणि 'थर्टी' वेगळे ऐकू येत नाहीत. तिथे उच्चार घासत बसण्यापेक्षा 'वन-थ्री', 'थ्री-झिरो' असं अंक सुटे करून सांगायची सवय लावणं शहाणपणाचं. पार्ट नंबरमधल्या बी, डी, पी, टी यांच्यासाठी विमानवाल्यांचं 'ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो' शिकवावं. ते पटकन बसतं आणि लोकांना आवडतंही.

आणखी एक, जे डेमोत दिसत नाही. अनेकांना रोमन कॅपिटल अक्षरं ओळखता येतात, कारण पॅनलवर तीच असतात. छोटी 'बी' आणि 'डी' मात्र उलटसुलट होतात आणि लॉगबुकातलं मागच्या शिफ्टचं हस्ताक्षर तर लागतच नाही. म्हणून पहिल्या दिवशीची चाचणी तोंडी आणि एकेकट्याची हवी. सुपरवायझर शेजारी बसला असेल तर माणूस येत नसलेलंही 'येतं' म्हणतो. पन्नाशीच्या भाऊला सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावलं, तर दुसऱ्या दिवशी तो 'ओव्हरटाइम आहे' सांगून निघून जातो.

खोलीचं म्हणाल तर कँटीन नको. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की कूलर लागणार, आणि कूलरच्या घरघरीत ऐकण्याचा सराव शून्य. एसीची ट्रेनिंग रूम नसेल तर ऐकण्याचे धडे हिवाळ्यात उरका, उन्हाळ्यात वाचन-लेखन घ्या.

'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी' म्हणणाऱ्याला हिशेब मांडायला लावा. आठवड्याला ४५ मिनिटांचे दोन वर्ग म्हणजे दीड तास, १३ आठवड्यांत साडेएकोणीस. भाषा किती येते हे मोजायच्या युरोपीय सीईएफआर मापात ए-१ ही सगळ्यात खालची पायरी गाठायलाच साधारण ९० ते १०० तास धरतात. वीस तासांत लेबल, आकडे आणि लॉगबुकच्या पाच-सहा ठराविक ओळी होतात, आणि तेवढंही फ्लोअरवर चांगलंच उपयोगी पडतं. दर माणशी घेऊ नका, बॅचच्या तासाचा घ्या. एका बॅचला १२ ते १५ जण पुरे. धडा दोनदा घेण्याचे पैसे त्यात धरलेत का आणि जीएसटी वेगळा आहे का, हे कोटेशनवरच लिहून घ्या.

डेमोला शिक्षक आला की त्याच्या हातात तुमचं एक जॉब कार्ड, एक लेबल आणि लॉगबुकचं एक पान द्या. 'यात लोक कुठे चुकतात?' असं त्याने विचारलं तर बोलणी पुढे न्या. कागद बाजूला ठेवून त्याने प्रोजेक्टर कुठे लावू असं विचारलं, तर चहा पाजा आणि निरोप द्या.